क्वेकर शांतता आणि पेगन ऋतुचक्र एका घरात नांदतात का?

एका मराठी बाईंचा प्रश्न आहे. त्या उत्तर इंग्लंडमध्ये नोकरी करतात. वर्षभर दर रविवारी क्वेकर मीटिंगला, म्हणजे ख्रिस्ती परंपरेतून निघालेल्या क्वेकर पंथाच्या शांत बसून होणाऱ्या उपासनेला जातात आणि तिथली शांतता त्यांना मानवली आहे. त्याच्याही आधीपासून एका पेगन, म्हणजे निसर्गपूजक, गटाबरोबर त्या ऋतूंचे सण करतात, पौर्णिमेला शेकोटीभोवती बसतात. त्या विचारतात: दोन्ही पाळणं म्हणजे दोन दगडांवर पाय ठेवणं आहे का? रोजच्या धावपळीत हे बसवायचं कसं? आणि मीटिंगमध्ये सांगावं की गप्प राहावं?

मी २२ वर्षं मीटिंगला जाते, त्यातली १५ वर्षं रीतसर सभासद आहे. पेगनांचे वर्षाचे आठ सण त्याआधीपासून पाळते. राहते लँकेशरमध्ये, पेंडल हिलच्या पायथ्याशी. पुढे जे सांगते आहे ते माझ्या मीटिंगपुरतं आणि माझ्या डोंगरापुरतं आहे, असं धरून वाचा.

दोन्ही नांदतात. पण दोन्ही एकच आहेत असं मानून चाललात तर नांदणार नाहीत. सासर आणि माहेर ही दोन वेगळी घरं आहेत हे मनाशी पक्कं असलं की दोन्हीकडे मोकळेपणाने वावरता येतं, तसं आहे हे.

बरेच जण घाईने म्हणतात, ‘क्वेकर म्हणतात प्रत्येक माणसात देवाचा अंश आहे, पेगन म्हणतात तो झाडापानांत आहे, म्हणजे एकच झालं की.’ मला हे पटत नाही. क्वेकरांचा संस्थापक जॉर्ज फॉक्स याने १६५६ मध्ये लॉन्स्टनच्या तुरुंगातून आपल्या लोकांना लिहिलं की प्रत्येकातल्या देवाच्या अंशाला साद देत आनंदाने जगात चाला. त्याच्या मनात तेव्हा ख्रिस्ताचा प्रकाश होता. सुरुवातीच्या क्वेकरांनी तर वारांची आणि महिन्यांची नावंसुद्धा टाकून दिली. इंग्रजी सोमवारात चंद्र, बुधवारात वोडेन, गुरुवारात थॉर. ही परक्या देवांची नावं आपल्या तोंडी नकोत, म्हणून रविवारला ते ‘पहिला दिवस’ म्हणू लागले, सोमवारला ‘दुसरा दिवस’. ख्रिसमसलाही त्यांची दुकानं उघडी असत, कारण सगळेच दिवस देवाचे असतील तर एका दिवसाला वेगळा मान कशासाठी? सणवार न पाळण्याची ही भूमिका क्वेकरांच्या जुन्या टेस्टिमनींपैकी, म्हणजे जगण्यातून द्यायच्या साक्षींपैकी एक आहे.

आता तुम्ही आणि मी सव्हीन (हिवाळ्याच्या तोंडावर गेलेल्यांच्या आठवणीचा सण), यूल (वर्षातला सगळ्यांत लहान दिवस), इम्बोल्क (फेब्रुवारीत वसंताच्या चाहुलीचा), बेल्टेन (मे महिन्यातला बहराचा) पाळतो. म्हणजे जिथे क्वेकर परंपरा सर्वांत ठाम होती, नेमक्या तिथेच आपण उलट्या बाजूला उभ्या आहोत. हे झाकून ठेवू नका. माझी पहिली काही वर्षं ते झाकण्यातच गेली आणि त्यामुळे दोन्हीकडे माझं मन चोरटं राहिलं.

मला वाट सापडली ती शांततेतूनच. मराठी माणसाला मीटिंग समजावताना ‘मौन’ हा शब्द पटकन तोंडी येतो आणि तिथेच घोटाळा होतो. आपल्याकडे मौन हे एकट्याचं व्रत असतं. गांधीजी सोमवारी मौन पाळत, तो त्यांचा स्वतःचा नेम होता. (ते १९३१ च्या ऑक्टोबरात बर्मिंगहॅमच्या वुडब्रुक या क्वेकर केंद्रात येऊन गेले होते, त्यांचे कितीतरी क्वेकर स्नेही होते.) मीटिंगमधली शांतता कुणा एकाची नसते. वीस-बावीस माणसं गोल मांडलेल्या खुर्च्यांवर तासभर बसतात आणि सगळी मिळून वाट बघतात. कुणाला आतून इतकं दाटून आलं की बसवेनासं झालं, तर ते माणूस उभं राहून चार वाक्यं बोलतं. याला मिनिस्ट्री म्हणतात. कधी कधी तासभर कुणीच बोलत नाही. शेवटी दोन एल्डर, म्हणजे मीटिंगची काळजी वाहणारे जाणते सभासद, हस्तांदोलन करतात, मग सगळे शेजाऱ्याशी हात मिळवतात आणि चहाकडे वळतात.

वाट बघणं हा त्यातला गाभा आहे. कोण बोलणार, काय बोलणार, कधी बोलणार हे आधी कुणीच ठरवलेलं नसतं.

मी पहिली दोन वर्षं मात्र मीटिंगमध्ये बसून मनातल्या मनात वर्तुळ आखत होते, चार दिशांना हाका मारत होते, पायातून मुळं जमिनीत सोडत होते. पेगन गटात शिकलेलं सगळं त्या शांततेत भरत होते. बाहेरून मी इतरांसारखीच डोळे मिटून बसलेली दिसायचे, पण खरं तर मी त्यांच्यात बसलेलीच नव्हते. तुमचंही असं होत असेल तर तेवढं थांबवा. मीटिंगच्या तासात दुसरं काही करू नका. मीटिंगला मीटिंग राहू द्या आणि शेकोटीला शेकोटी. एकावर दुसऱ्याचा परिणाम व्हायचा तो आपसूक होतो.

माझ्या बाबतीत झाला तो असा. एका वर्षी एक फेब्रुवारीला इम्बोल्क म्हणून मी सगळी तयारी केली होती, दूध, मेणबत्त्या, पांढरं कापड. बाहेर हातभर बर्फ आणि फाटकाजवळ स्नोड्रॉपचं, हिवाळ्याच्या शेवटी येणारं ते पांढरं फूल, एकही उगवलेलं नव्हतं. वसंताची चाहूल लागली असं मी मोठ्याने म्हणायला लागले आणि वाक्य अर्ध्यातच थांबलं. चाहूल लागलीच नव्हती. मीटिंगमध्ये आतून आल्याशिवाय तोंड न उघडण्याची सवय एव्हाना अंगात मुरली होती, म्हणून ते खोटं वाक्य मला पुरं करता येईना. मेणबत्त्या विझवल्या आणि आत गेले. नऊ दिवसांनी, दहा तारखेला, कचऱ्याचा डबा बाहेर काढताना फाटकाच्या खांबाशी बर्फातून वर आलेली तीन पांढरी टोकं दिसली. मी तिथेच चिखलात उकिडवी बसले. त्या वर्षीचा माझा इम्बोल्क तोच.

तेव्हापासून घरातले सण मी तारखेने करत नाही. फाटकाशी पहिला स्नोड्रॉप उमलतो तो इम्बोल्क, मग तो जानेवारीच्या मध्यावर आला तरी चालेल. हॉथॉर्नच्या कुंपणाला पांढरा बहर येतो तो बेल्टेन. अंगणातल्या ॲशची पानं पहिल्या कडक थंडीनंतर भराभर गळतात, त्या संध्याकाळी सव्हीन, गेलेल्या माणसांची नावं घेऊन बसायचं. दोन अयनदिन (वर्षातला सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत लहान दिवस) आणि दोन समरात्री (दिवस-रात्र सारखे असतात ते दिवस) यांच्या तारखा सूर्यच ठरवतो, तिथे प्रश्न येत नाही. २१ डिसेंबरच्या आसपास आमच्याकडे दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो, त्या दिवशी वेगळं काही सांगायलाच लागत नाही.

हॉथॉर्नची गोष्ट थोडी खोलात सांगते, कारण आपले दोन्ही धागे तिथे एकमेकांत गुंतले आहेत. इंग्लंडमध्ये या फुलालाच ‘मे’ म्हणतात, पण आमच्याकडे तो एक मेला सहसा फुललेला नसतो. ब्रिटनने १७५२ मध्ये कॅलेंडर बदललं आणि त्यातले ११ दिवस गाळले. एक मे ११ दिवस अलीकडे आला, फूल मात्र आपल्या वेळेलाच फुलत राहिलं. त्याच बदलाने वर्षाची सुरुवात मार्चमधून जानेवारीत आणली. क्वेकरांचा ‘पहिला महिना’ तोवर मार्च होता, तो एका कायद्याने जानेवारी झाला. कॅलेंडरमधले दिवस माणसाने मांडलेले आहेत, म्हणून कुठल्याच तारखेला देव चिकटलेला नाही, असं जुने क्वेकर म्हणत होते. फुललेल्या कुंपणापाशी उभी राहून मी त्यांच्याशी सहमत होते. मी तारखेला मान देत नाही, दारात आलेल्या गोष्टीला देते. सणवारांच्या साक्षीशी माझा झालेला समझोता एवढाच आहे आणि तो मला प्रामाणिक वाटतो.

गटाबरोबर मात्र तारीख लागतेच. लोकांना सुट्ट्या काढायच्या असतात, गाड्या ठरवायच्या असतात. तिथे हट्ट करू नका.

रोजचं विचारलंत. माझ्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला एक दगडी पायरी आहे. सकाळी केटल लावली की मी त्या पायरीवर जाऊन उभी राहते, पाऊस असला तर दाराच्या चौकटीत. समोर रोवनचं एक झाड, त्यामागे भिंत, त्यामागे पेंडलचा खांदा, ढग नसतील तर. दहा मिनिटं. मंत्र नाही, प्रार्थनेचे शब्द नाहीत, फोन आत. पहिल्यांदा कान उघडतात, मग नाक. फेब्रुवारीच्या शेवटी एक दिवस कर्ल्यू पक्ष्याची लांब, वर चढत जाणारी शीळ माळावरून ऐकू येते आणि मला कळतं की तो समुद्रकिनाऱ्यावरून परत आला. रोवन मे महिन्यात मलईसारखा फुलतो, ऑगस्टमध्ये लाल होतो, मग थ्रश पक्षी चार दिवसांत त्याची फळं संपवतात. एवढंच. झाडाकडे मी काही मागत नाही आणि झाडाने मला काही सांगावं अशी अपेक्षाही ठेवत नाही. हजर राहते.

ब्रिटनच्या क्वेकरांकडे ४२ छोट्या परिच्छेदांची एक पुस्तिका असते, काही उपदेश, काही स्वतःला विचारायचे प्रश्न. त्यातला एक परिच्छेद मी आठवडाभर त्या पायरीवर घेऊन जाते. पहिला परिच्छेद हृदयातल्या प्रेमाच्या आणि सत्याच्या हाकांकडे लक्ष द्या असं सांगतो. तुम्ही त्यापासूनच सुरुवात करा, आयुष्यभर पुरेल इतकं काम त्यात आहे.

रात्री मी एक ओळ लिहिते. पेगन गटांत विधी आणि मंत्र टिपून ठेवायची खास वही असते. माझी वही हळूहळू मिनिटांची वही झाली. क्वेकरांच्या कामकाजाच्या सभेत मतदान नसतं. जमलेल्यांना काय उमगलं ते क्लार्क, म्हणजे सभा चालवणारी व्यक्ती, तिथल्या तिथे लिहून वाचून दाखवते, सगळे ऐकतात, दुरुस्ती सुचवतात, आणि ते मान्य झालं की मगच सभा पुढे सरकते. त्याला मिनिट म्हणतात. मी दिवसाची मिनिट लिहिते: आज काय स्पष्ट झालं. ‘बहिणीला फोन करायचा.’ ‘ॲशच्या दोन फांद्या वाळल्या आहेत, रोग असावा, माणूस बोलवायचा.’ ज्या दिवशी काहीच स्पष्ट होत नाही त्या दिवशी तेच लिहिते. वर्षाकाठी ती वही चाळली की आपल्याला कशाची ओढ आहे आणि कशाचा नुसता हव्यास आहे हे वेगवेगळं दिसतं.

आता जिथे खरोखर अडतं तिथे येते. तुमच्या गटात दीक्षा असेल तर आज ना उद्या शपथेचा प्रश्न येईल. क्वेकर शपथ घेत नाहीत. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात शपथच घेऊ नका, तुमचं होय ते होय असू द्या, असं आहे आणि ते त्यांनी शब्दशः धरलं. शपथ घेतली की खरं बोलण्याचे दोन दर्जे होतात, एक शपथेवरचा आणि एक रोजचा, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी हजारोंनी तुरुंग भोगला. शेवटी १६९६ मध्ये इंग्लंडच्या कायद्याने त्यांना शपथेऐवजी साधं प्रतिज्ञापन करायची मोकळीक दिली. आज इथल्या कोर्टात कुणीही शपथेला नकार देऊन प्रतिज्ञापन करू शकतं, त्यामागे या लोकांनी भोगलेले हाल आहेत.

मला एका गटात दीक्षा देऊ केली तेव्हा गुप्ततेची शपथ घ्यायची होती, मोडली तर स्वतःवर अमुक अमुक ओढवेल अशा शब्दांत. मी म्हटलं, तुमच्यातलं बाहेर सांगणार नाही हा माझा शब्द आहे, पण शपथ घेणार नाही. त्यांनी विचार करून नाही म्हटलं. मला वाईट वाटलं, रडूही आलं, कारण ती माणसं चांगली होती आणि त्यांच्या जागी ती बरोबर होती. त्यांच्या परंपरेत शपथ हाच उंबरठा आहे. दुसऱ्या एका गटाने माझा साधा शब्द पुरेसा मानला, तिथे मी अजून आहे. तुम्ही यावर आधीच विचार करून ठेवा. वर्तुळात मध्यरात्री, सगळ्यांच्या नजरा आपल्यावर असताना, हा निर्णय घेण्याची वेळ येऊ देऊ नका.

दुसरी अडचण मॅजिकची. क्वेकरांमध्ये एखाद्याला ‘प्रकाशात धरतात’. आजारी, दुःखी, भांडलेल्या माणसाचं नाव मनात घ्यायचं आणि त्याला त्या प्रकाशात ठेवायचं, त्याचं काय व्हावं हे न ठरवता. पेगन गटात गाठी बांधतात, मेणबत्तीवर कोरतात, आणि बहुतेक वेळा काय हवं ते नेमकं सांगतात. बाहेरून दोन्ही सारखं दिसतं. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारचे एक म्हातारे गृहस्थ शेवटच्या आजारात होते. गटाने त्यांच्यासाठी बरं होण्याचा विधी ठरवला. मी म्हटलं, आधी त्यांना विचारू. मी विचारायला गेले तर ते म्हणाले, ‘मला बरं व्हायचं नाही आता. ती खिडकी जरा उघड, पावसाचा वास येऊ दे.’ मग आम्ही तिघीजणी त्यांच्या खिडकीपाशी तासभर बसलो. पाऊस ऐकला. त्या दिवसापासून मी कुठल्याही विधीत निकाल मागत नाही. गटातल्या इतर जणी मागतात, त्यांचं त्यांच्यापाशी. मी त्या वेळी शांत बसते आणि त्या माणसाला प्रकाशात धरते, त्यांना ते चालतं. कुणाचं वाईट चिंतण्याचा विधी असेल तर मात्र मी उठून जाते. अहिंसेची साक्ष देणारं माणूस तिथे बसूच शकत नाही.

खरेदीबद्दलही स्पष्ट सांगते. दुकानातून स्फटिक, कॅलिफोर्नियातून आलेली पांढऱ्या सेजची जुडी, कोरीव सुऱ्या, मखमली झगे, यांतलं काहीही लागत नाही. साधेपणा ही क्वेकर साक्ष इथे पेगन जगण्याच्या फार कामी येते. स्फटिक कुठल्या खाणीतून आला आणि कुणाच्या हातून निघाला हे दुकानदाराला सांगता येत नसेल तर तो घरात आणू नका. पांढरा सेज तिथल्या मूळ रहिवाशांचा आहे आणि रानातून ओरबाडला जातो आहे. तुमच्या गल्लीत जे उगवतं त्यात भागवा. माझ्या खिडकीत या घडीला एक रोवनची डहाळी, नदीतला एक दगड आणि एक वाटी पाणी आहे.

खरेपणाचाही असाच उपयोग होतो. आपलं ऋतुचक्र हजारो वर्षं अखंड चालत आलं आहे असं गटात कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. त्यातले काही सण फार जुने आहेत, पण आठांचं हे चक्र १९५० च्या दशकात जुळवलं गेलं, आधुनिक पेगन चळवळीचे आद्य पुढारी जेराल्ड गार्डनर आणि रॉस निकोल्स यांच्या वर्तुळांत. शरद समरात्रीला ‘मेबन’ हे नाव तर १९७० च्या दशकातलं. इंग्लंडमधला चेटुकाविरुद्धचा शेवटचा कायदा १९५१ मध्ये रद्द झाला, तेव्हा कुठे हे सगळं उघड्यावर येऊ शकलं. म्हणून ते खोटं ठरत नाही. स्नोड्रॉप उमलायला परंपरेचा दाखला लागत नाही.

पेंडलच्या बाबतीतही हेच. १६१२ मध्ये या परिसरातल्या बायका-पुरुषांवर चेटुकाचे आरोप झाले आणि ऑगस्टमध्ये लँकेस्टरला दहा जणांना फाशी दिलं. दर सव्हीनला लोक त्यांच्या नावाने डोंगर चढतात. ती माणसं आजच्या अर्थाने पेगन नव्हती. बहुतेक गरीब होती, काही भीक मागून जगणारी, काही झाडपाला आणि अर्धवट आठवणाऱ्या जुन्या प्रार्थनांवर रोग बरे करणारी. बरोबर ४० वर्षांनी, १६५२ मध्ये, जॉर्ज फॉक्स याच डोंगरावर चढला आणि जमा होणाऱ्या मोठ्या जनसमुदायाचं त्याला दर्शन झालं. क्वेकर चळवळीची सुरुवात लोक तिथपासून मोजतात. पुढे फॉक्स आणि त्याची सहकारी मार्गरेट फेल हेही लँकेस्टरच्या किल्ल्यात कैदेत होते, जिथे १६१२ चे आरोपी डांबले होते. १६५६ मध्ये मेरी फिशर आणि ॲन ऑस्टिन या दोन क्वेकर बायका बोस्टनला उतरल्या, तेव्हा त्यांना विवस्त्र करून अंगावर चेटकिणीच्या खुणा आहेत का ते तपासलं आणि त्यांची पुस्तकं जाळली. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया वसाहतीत १६८३-८४ च्या हिवाळ्यात मार्गारेट मॅटसन नावाच्या बाईवर चेटुकाचा खटला चालला, न्यायासनावर बसला होता वसाहतीचा संस्थापक, क्वेकर विल्यम पेन. ज्युरीने निवाडा दिला की चेटकीण असल्याची तिची ख्याती आहे एवढं खरं, पण आरोपाप्रमाणे ती दोषी नाही. ती घरी गेली. यातून क्वेकर आणि पेगन यांचं रक्ताचं नातं सिद्ध होत नाही. भ्यायलेली सत्ता दोघांकडे कुठल्या नजरेने बघत होती तेवढं दिसतं, आणि मला त्या डोंगरावर बसायला तेवढं नातं पुरतं.

खरी देवाणघेवाण झाली ती अलीकडे, अमेरिकेत. १९७० च्या दशकात अणुभट्ट्यांविरुद्धच्या आंदोलनांत क्वेकर कार्यकर्त्यांनी एकमताने निर्णय घेण्याची पद्धत लोकांना शिकवली आणि तिथून ती सॅन फ्रान्सिस्कोच्या रिक्लेमिंग या पेगन परंपरेत रुजली. आमच्या गटात मी त्यातला एकच नियम नेला: एक जण बोलून झाला की दुसऱ्याने लगेच बोलायचं नाही, मध्ये श्वास घेण्याइतकी जागा सोडायची. भांडणं निम्म्यावर आली.

आता मीटिंगमध्ये सांगायचं का. सांगा, पण मिनिस्ट्रीतून नको. मी ती चूक केली आहे. एका रविवारी मी उभी राहून ‘देवी’ हा शब्द मुद्दाम वापरला. तो आतून आलेला नव्हता, मला तो तिथे रोवायचा होता. नंतर चहाच्या वेळी एक वयस्क बाई, आयुष्यभर ख्रिस्ताला धरून चाललेल्या, माझ्याजवळ आल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘तुझ्या शब्दांबरोबर मला जाता आलं असतं, पण तू मला बरोबर नेत नव्हतीस.’ आजही मिनिस्ट्रीसाठी उठावंसं वाटलं की मी आधी ते वाक्य आठवते.

एखाद्या एल्डरला एकटं गाठून सांगा. त्याहून चांगलं म्हणजे क्लीअरनेस मीटिंग मागा. चार-पाच विश्वासू माणसं तुमच्याबरोबर बसतात, सल्ला देत नाहीत, फक्त प्रश्न विचारतात आणि मध्ये शांतता ठेवतात. माझ्या वेळी एकाने विचारलं, ‘या दोन्हींपैकी एक उद्या तुझ्यापासून काढून घेतलं तर तुझ्या सोमवारात काय बदलेल?’ मी दोन महिने त्या प्रश्नाचं उत्तर शोधत होते. सभासद होण्यासाठी अर्ज केला तेव्हा भेटीला आलेल्या दोघांना मी खिडकीतली वाटी दाखवली, सगळं सांगितलं, आणि मला स्वीकारलं गेलं. ब्रिटनच्या क्वेकरांकडे मान्य करायलाच हवा असा श्रद्धेचा मसुदा नाही. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म पेगन असा लिहिला, तेव्हा मीटिंगमध्ये हे ऐकणाऱ्या तुम्ही पहिल्या नसालही. पण हे सगळीकडे असं नाही. जगात सर्वांत जास्त क्वेकर केनियात आहेत, आणि तिथल्या बहुतेक मीटिंगा बायबल आणि भजनं असलेल्या ख्रिस्ती उपासनेच्या आहेत. तिथे जाऊन हेच सांगितलंत तर त्यांना दुखवाल. मीटिंगच्या मधल्या टेबलावर फुलं असतात, बायबल असतं. तिथे आपली वेदी मांडायची परवानगी मागू नका. ती जागा सगळ्यांची आहे.

शेवटी आपल्या दोघींपुरतं. माझ्या आजोळी कोकणात देवराई होती. तिथलं वाळलेलं लाकूडसुद्धा कुणी उचलत नसे. आत शिरलं की आजी बोलणं थांबवायची, मला ‘गप्प राहा’ असं कधी म्हणाली नाही, तिचं थांबणंच पुरे व्हायचं. मीटिंगमध्ये पहिल्या दिवशी बसले तेव्हा मला ती गारवा असलेली शांतता आठवली होती. पण देवराई मी इथे आणली नाही. ती तिथल्या मातीची आहे, तिथल्या दैवताची, तिथल्या गावाची. तसंच उलट. पुण्याहून मला काही जणी विचारतात की आम्ही इम्बोल्क कधी करायचा. करूच नका. एक ऑगस्ट इथे कापणीचा सण आहे, तुमच्याकडे तेव्हा भाताच्या खाचरात पाणी उभं असतं. तुम्ही पळस फुलायची वाट बघा, मृगाच्या आधी काजवे बघायला जा, पहिल्या पावसात दार उघडं ठेवा. आणि तुम्ही, प्रश्न विचारणाऱ्या, इथे आहात तर इथलं बघा.

फॉक्सने लिहून ठेवलं आहे की डोंगर उतरताना त्याला एक झरा लागला आणि कित्येक दिवस नीट खाल्लं-प्यायलं नव्हतं म्हणून तो तिथे पाणी प्यायला. त्या झऱ्याला आजही त्याच्या नावाने ओळखतात. जवळ राहत असाल तर बार्ली गावातून वर या, फेब्रुवारीत, आठवड्याच्या मधल्या दिवशी, म्हणजे गर्दी नसते. खाली बसायला काहीतरी जाड आणा, दगड फार गार असतो. मी बहुतेक बुधवारी दहाच्या सुमाराला तिथे असते. बोलायलाच हवं असं नाही.